चेतकच्या पत्र्यातली दोन भोकं

आदरणीय अध्यक्ष डॉ. देव सबनीस, या समारंभासाठी ईलिंगहून आलेल्या प्रमुख पाहुण्या नीनाताई वर्तक, आपल्या उपाध्यक्ष मधुमतीमावशी, आजचे सत्कारमूर्ती पद्माकरकाका आणि सुप्रभाकाकू, आईवडिलांना बेसिंगस्टोकला न्यायला आलेला मिहीर, आणि कॉव्हेंट्रीच्या सह्यधारा परिवारातल्या सर्व सभासदांनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी आश्लेषा, परिवाराची सहसचिव. तुमच्या हातातल्या पत्रिकेत शेवटी लिहिलंय, 'आभारप्रदर्शन, पाच मिनिटं.' पत्रिका मीच टाइप केली आहे. आज मला पाच मिनिटं पुरणार नाहीत, हे आधीच सांगते, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटायला नको.

आभारांची सुरुवात हॉलपासून करतात. तेव्हा हॉलचे केअरटेकर, ज्यांनी रविवार असूनही हीटिंग चालू ठेवलं, त्यांचे आभार. ज्यांनी दीडशे बटाटेवडे तळले आणि अजून ज्यांच्या केसांना तेलाचा वास येतोय, त्या सगळ्यांचे आभार. स्टेजच्या डाव्या बाजूला झेंडूची माळ घालून उभी असलेली ती निळी स्कूटर ज्यांनी पुसून चकचकीत केली, त्यांचेही आभार. तिच्या पुढच्या पत्र्यावर एक चंदेरी बॅज आहे. मागच्या रांगेतून वाचता येत नसेल, म्हणून मी वाचते. त्यावर 'व्हेस्पा' असं लिहिलंय.

ती व्हेस्पा नाही. ती बजाज चेतक आहे. आकुर्डीला बनलेली, एकोणीसशे ब्याऐंशी साली.

आता आभार पुढे चालू ठेवते.

पद्माकरकाका, तुमचे आभार मी कुठून मानू? पायाच्या दुखण्यामुळे मी नऊ वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही, हे इथे बऱ्याच जणांना माहीत आहे. मराठी आईने शिकवलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. गणित बाबांनी. आणि बाकी सगळं, भूगोल, इतिहास, थोडंफार सायन्स, हे दोन घरं सोडून असलेल्या काकांच्या गॅरेजमध्ये. काका शनिवार-रविवार लोकांच्या जुन्या स्कूटरी दुरुस्त करायचे आणि मी पाय लांब करून एका उलट्या क्रेटवर बसायची.

त्या गॅरेजची मागची भिंत ज्यांनी पाहिली असेल त्यांनी आठवा. भिंतीवर खिळ्यांच्या ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीवर खडूने एकेका गावाचं नाव. पोंतेदेरा, मिलान, ब्रिस्टल, आकुर्डी, लखनौ, कानपूर. स्कूटरमधून काढलेला प्रत्येक जुना भाग काका पुसायचे, त्यावरचा शिक्का भिंगाने वाचायचे आणि ज्या गावी तो बनला त्या गावच्या खिळ्याला लटकवायचे. ही त्यांची कामाची पद्धत होती. शिक्का सापडला नाही तर तो भाग दाराजवळच्या डब्यात जायचा. त्या डब्यावर लिहिलं होतं, 'माहीत नाही.'

मी एकदा विचारलं, "काका, ब्रिस्टल कशाला? व्हेस्पा इटलीची ना?"

"एके काळी ब्रिस्टललाही बनत होती. लायसन्स इटलीचं, हात ब्रिस्टलचे."

"मग ती इटलीची की ब्रिस्टलची?"

"शिक्का काय म्हणतो?"

"ब्रिस्टल."

"मग झालं. आधी शिक्का वाचायचा, मग मत द्यायचं."

मिलानची लँब्रेटा स्कूटर पुढे यंत्रसामग्रीसकट लखनौला गेली, हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. व्हेस्पा बनवण्याचं लायसन्स बजाजकडे होतं, ते एकाहत्तरमध्ये संपलं आणि त्यानंतर आकुर्डीत चेतक बनायला लागली, हेही नाही. एखाद्या गोष्टीवर इंग्रजी किंवा इटालियन नाव असलं म्हणजे ती तिथलीच असते असं नाही, आणि ती तिथली नसली म्हणून कमी होत नाही, हे मी सहाव्या-सातव्या वर्षी त्या क्रेटवर शिकले. मला वाटत होतं की मी ते पक्कं शिकले आहे.

आता या स्कूटरबद्दल, कारण नीनाताई पाहुण्या आहेत आणि त्यांना आज पहिल्या भाषणात चुकीची माहिती मिळाली आहे. ताई, त्याबद्दल परिवारातर्फे दिलगिरी.

बहात्तर साली काकांनी पुण्यात चेतक बुक केली. तेव्हा स्कूटरसाठी कित्येक वर्षं थांबायला लागायचं, हे इथल्या आजी-आजोबांना सांगायला नको. पुढच्याच वर्षी काकांना आकुर्डीच्या त्याच कारखान्यात नोकरी लागली. काम काय, तर पायांसमोरचा जो मोठा पत्रा असतो, त्याच्या कडेला पट्टी बसवायची. दिवसभर दुसऱ्यांच्या चेतकला पट्ट्या बसवायच्या आणि संध्याकाळी सायकलवरून घरी जायचं. सहा वर्षं. मग एकोणऐंशीला ते कॉव्हेंट्रीला आले, इथल्या कार फॅक्टरीत लागले. आणि ब्याऐंशी साली त्यांच्या भावाचं पत्र आलं, 'दादा, नंबर लागला. काय करू?'

काका म्हणाले, "विकून टाक म्हणून कळवतो. इथे कशाला हवीय?"

यावर काकू काय म्हणाल्या ते त्यांनी मला स्वतः सांगितलंय. काकू, सांगू ना? काकू म्हणाल्या, "दहा वर्षं माझ्यासाठीसुद्धा थांबला नसतात. आणि आता विकायची म्हणताय?"

ती स्कूटर लाकडी खोक्यात बोटीने आली. काकू तेव्हा गाड्यांच्या सीट शिवायच्या एका कारखान्यात मशिनवर होत्या. तिची सीट फाटली तेव्हा नवीन कव्हर काकूंनी शिवलं, दुहेरी टाक्याचं. अजून तेच आहे. जाऊन हात लावून बघा.

आता अध्यक्षांचे आभार मानायचे आहेत. डॉक्टरकाका, तुम्ही माझ्या पायाचे एक्स-रे किती वेळा फुकट बघून दिलेत ते मी विसरलेले नाही. म्हणूनच हे बोलायला मला इतके दिवस लागले.

काका-काकू मिहीरकडे राहायला जाणार आणि तिकडे गॅरेज नाही, हे कळल्यावर स्कूटर कम्युनिटी गॅलरीला देण्याची कल्पना डॉक्टरकाकांचीच. 'आम्ही बरोबर काय आणलं' असं त्या प्रदर्शनाचं नाव आहे. कल्पना सुंदर होती. काकांनी एका शब्दात हो म्हटलं आणि स्कूटरची किल्ली दिली. स्कूटर आपल्या या हॉलच्या स्टोअररूममध्ये आली. लेबल लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, 'बजाज चेतक, आकुर्डी, पुणे. दहा वर्षं वाट पाहून मिळालेली.' मी लॉगबुक, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं पुस्तक, तपासलं, चासी नंबर तपासला, पुन्हा लॉगबुक तपासलं. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

मार्चच्या मीटिंगमध्ये लेबल वाचून झाल्यावर डॉक्टरकाका म्हणाले, "आश्लेषा, छान लिहिलंयस. पण इंडिया म्हटलं की लोक पुढे जातात. इटली म्हटलं की थांबतात. आणि साल पासष्ट टाक. साठचं दशक म्हटलं की इथले लोक विरघळतात."

मी म्हटलं, "पण काका, ती इटलीची नाहीये."

मधुमतीमावशी म्हणाल्या, "अगं, डिझाइन मूळ त्यांचंच ना? पत्र्याला कुठे पासपोर्ट असतो?"

सगळे हसले. खरं सांगायचं तर मीही हसले. आणि घरी जाऊन मी टाइप केलं, 'व्हेस्पा, इटली, एकोणीसशे पासष्ट.' आणि पाठवून दिलं. चौदा मार्चला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. कुणी माझा हात धरला नव्हता. मला फक्त वाटलं की मोठी माणसं आहेत, कशाला वाद.

मावशी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही, आज देते. पत्र्याला पासपोर्ट नसतो, पण आपल्याला असतो, आणि तरीही आपल्याला रोज विचारतात. कुठली तू? कॉव्हेंट्रीची. नाही, मूळची कुठली? या हॉलमध्ये असा एकही माणूस नाही ज्याला हा प्रश्न ऐकून कधी राग आला नाही. तुम्हीच गणपतीत सांगितलं होतंत, डॉक्टरांच्या सर्जरीतली रिसेप्शनिस्ट 'पण खरी कुठली' म्हणाली तेव्हा तुम्ही कशी तिची बोलती बंद केलीत ते. टाळ्या वाजल्या होत्या. मीही वाजवल्या. मग तोच प्रश्न स्कूटरला विचारला तेव्हा आपण कुणीही धमकावलेलं नसताना, स्वतःहून, खोटं का सांगितलं? आपल्याला कुणाची लाज वाटली? आकुर्डीची, की पट्ट्या बसवणाऱ्या माणसाची?

आणि ज्या नावासाठी हे केलं, ती व्हेस्पा आज बारामतीलासुद्धा बनते. हे मी रागाने म्हणत नाही, माहिती म्हणून सांगते. इटलीत पोंतेदेरालाही बनते, व्हिएतनाममध्येही बनते आणि बारामतीलाही. त्या कंपनीला त्याची लाज वाटत नाही. आपल्याला वाटली.

नाही, रागानेच म्हणतेय. चुकीचं कशाला बोलू?

हो मावशी, हात दिसला मला. आवरते, पण मध्येच नाही आवरणार.

लेबल बदललं, पण पत्र्यावर तर बजाज लिहिलेलं होतं. म्हणून ऑनलाइन एक बॅज मागवला गेला. जुना बॅज काढला, पण नव्याची भोकं पत्र्याशी जुळेनात. कशी जुळणार? पत्राच वेगळा. मग स्टोअररूममध्ये ड्रिल आणून त्या पत्र्याला दोन नवीन भोकं पाडली. काकांना न विचारता. ज्या पत्र्याच्या कडेला पट्टी बसवण्यात त्या माणसाची सहा वर्षं गेली, त्याच पत्र्याला.

काका एप्रिलमध्ये टायरमध्ये हवा भरायला आले. मी तिथे होते, डॉक्टरकाका होते. काका स्कूटरसमोर वाकले आणि बॅजच्या दोन नव्या स्क्रूंवरून त्यांनी अंगठा फिरवला.

मग म्हणाले, "भोकं कुणी पाडली?"

डॉक्टरकाका म्हणाले, "छोटी आहेत हो, बॅजखाली दिसतसुद्धा नाहीत."

"ती किती मोठी आहेत हे नाही विचारलं मी. कुणी पाडली?"

उत्तर कुणी दिलं नाही. मला माहीत होतं आणि मीही दिलं नाही. काकांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, बॅज उतरवला, तो आणि दोन्ही स्क्रू टेबलावर एका कागदावर नीट ठेवले, टायरमध्ये हवा भरली आणि गेले. आवाज चढवला नाही. दारसुद्धा हळू लावलं.

त्याच आठवड्यात त्यांना परिवाराकडून पत्र गेलं की प्रदर्शनाच्या वस्तूशी छेडछाड झाल्याने त्यांच्याकडची स्टोअररूमची किल्ली परत करावी. पत्र मीच टाइप केलं. बॅज पुन्हा लावला गेला. गॅलरीच्या फॉर्मवर काका सही करायला तयार नाहीत म्हणून देणगीदार म्हणून परिवाराचं नाव घातलं, आणि सही कुणी करायची, तर सहसचिवांनी. तो फॉर्म आत्ता या फाइलमध्ये आहे. उद्या दहाला व्हॅन येणार आहे. त्या फॉर्मवर एक रकाना आहे, 'वस्तू कुठे बनली', आणि त्याखाली छापलंय की वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे.

मग या समारंभाची पत्रिका ठरली. आपल्याकडे सत्कार म्हटला की दीपप्रज्वलन, स्वागत, शाल, श्रीफळ, दोन भाषणं, आणि मग काय असतं? सत्कारमूर्तींचं मनोगत. बालवाडीतल्या मुलाचा चित्रकलेत नंबर आला तरी आपण त्याच्यापुढे माइक धरतो. आज पत्रिकेत मनोगत आहे का, बघा. नाही. मी विचारलं होतं. उत्तर मिळालं, "त्यांना बोलायला दिलं तर ते भलतंच काढतील. शाल, श्रीफळ, फोटो, बस." म्हणजे चव्वेचाळीस वर्षं या परिवारात असलेल्या माणसाला आपण शाल पांघरली ती गप्प बसवायला.

मिहीरलाही मी फोन केला होता. तो म्हणाला, "आश, लेट इट गो. ते फक्त एक लेबल आहे. बाबाला टेन्शन नको." मिहीर, तू प्रेमाने म्हणालास, मला माहीत आहे. पण तू बेसिंगस्टोकला कॉम्प्युटरवर काम करतोस. तुझं काम दुसऱ्याने केलं असं कुणी लिहिलं तर तू त्या दिवशीच चार ईमेल करशील. बस ना, प्लीज. उठू नकोस. झालंच आहे.

डॉक्टरकाका, पत्रिका मी टाइप केली, लेबल मी टाइप केलं, पत्रही मीच. मार्चपासून मी स्वतःला सांगत होते की मी फक्त टाइप केलं. घरातल्या टेबलावर आई मला एक सवय लावायची. दिवस संपताना दिवसभरात आपलं काय चुकलं ते आपणच मोठ्याने सांगायचं. शिक्षा नसायची, फक्त सांगायचं. नऊ वर्षांची झाल्यावर मी शाळेत गेले आणि ती सवय मोडली. आज ती इथे, माइकवर, पुन्हा सुरू करते आहे, आणि त्यासाठी आशाताईंचे, म्हणजे माझ्या आईचे आभार. ती तिसऱ्या रांगेत बसून माझ्याकडे 'पुरे' अशा नजरेने बघतेय. आई, सवय तूच लावलीस.

आता काय केलं ते सांगते. आज सकाळी मी गॅलरीला ईमेल केली. त्यात लिहिलं, की चौदा मार्चला मी पाठवलेली माहिती खोटी होती आणि ती खोटी आहे हे मला माहीत होतं. खरं लेबल सोबत जोडलं. आज रविवार आहे, उत्तर आलेलं नाही. त्यांना कदाचित चेतक नको असेल. कदाचित उद्या व्हॅनच येणार नाही, स्कूटर परत स्टोअररूममध्ये जाईल आणि तुम्ही सगळे म्हणाल, हिच्यामुळे गेलं. म्हणा. ती जबाबदारी माझी. हा फॉर्म मी सही न करता अध्यक्षांना परत देते आहे, आणि सहसचिवपद कुणाला हवं असेल तर तेही.

नवीन लेबल छोटं आहे, वाचते. 'बजाज चेतक. बनली आकुर्डीला. मागणी बहात्तरची, मिळाली ब्याऐंशीला. मालक पद्माकर, ज्यांनी त्याच कारखान्यात काम केलं. सीटचं कव्हर कॉव्हेंट्री, शिवणाऱ्या सुप्रभा. पुढच्या पत्र्यातली दोन भोकं, कॉव्हेंट्री, यंदाच्या मार्चमधली, पाडणारे आम्ही.'

ती भोकं बुजवू नयेत अशी माझी विनंती आहे. काकांच्या गॅरेजमध्ये ती 'माहीत नाही'च्या डब्यात गेली असती. पण ती कुठे पडली, हे आपल्याला माहीत आहे.

आता समारोप. उपस्थित सर्वांचे, पाहुण्यांचे, वडे तळणाऱ्यांचे, आणि इतका वेळ माइक बंद न करणाऱ्या साउंडवाल्या राजचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात काही उणं-अधिक झालं असेल तर सभेने क्षमा करावी, असं या ठिकाणी म्हणायचं असतं. मी ते आजच्या बोलण्याबद्दल म्हणणार नाही. आज काही उणं-अधिक झालेलं नाही. क्षमा मला चौदा मार्चसाठी हवी आहे, आणि ती सभेकडून नको. काका, तुमच्याकडून हवी आहे. आणि लगेच नाही दिलीत तरी चालेल.

एक गोष्ट राहिली. पत्रिकेत माझ्याकडून एक ओळ सुटली आहे, ती आता वाचते. 'सत्कारमूर्तींचं मनोगत. वेळेची मर्यादा नाही.'

काका, माइक इथे आहे. स्क्रूड्रायव्हर काकूंच्या पर्समध्ये आहे, मघाशी त्यांनी रुमाल काढला तेव्हा दिसला मला. दोन्हीतलं आधी काय हवं, ते तुम्ही ठरवा.